चित्रात दोनदा आलेला टेम्पो

लिफ्टच्या मिस्त्रीला संशयी म्हणणं म्हणजे न्हाव्याला हातात वस्तरा कशाला म्हणून विचारणं. धंदाच तसा. माणसं खोक्यात शिरतात, बटण दाबतात आणि मोबाईलमध्ये तोंड घालतात. आपण कशाला लटकलोय आणि ते कशाच्या जोरावर टिकून आहे, याचा घोर त्यांच्या वतीनं कोणीतरी वाहायचा असतो. तो हा मिस्त्री वाहायचा. दोर नवाकोरा असला तरी बोटांनी चाचपायचा. बोल्ट स्वतः आवळलेला असला तरी निघताना पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. ही सवय कामावरच टाकून घरी आला असता तर बायकोचे निम्मे केस काळे राहिले असते. पण नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायचा आणि मग दुकानदाराचं तोंड वाचायचा. पाहुणा "सहज आलो" म्हणाला की हा खिडकीतून त्याची गाडी बघून यायचा. त्याच्या भागीदारानं त्याचं नाव 'उलटतपास' ठेवलं, आणि बघता बघता सगळेच तसं म्हणायला लागले.

भागीदाराला लोक म्हणायचे दाढी. दाढी त्यानं केव्हाच काढून टाकली होती, तिचं टोक एकदा मशीनच्या पट्ट्यात सापडलं त्याच दिवशी. पण नाव चिकटलं ते चिकटलं. गडी उंचापुरा, तोंडाचा मोकळा. जिन्यात उभा राहिला तर तिथं चार माणसं गोळा करणारा. पिवळा टेम्पो त्याचा. टपावर शिडी बांधलेली, आणि मागच्या दाराच्या जागी हिरवा पत्रा ठोकलेला, कारण मूळचं दार त्यानं मागे गाडी घेताना एका खांबाला वाहिलेलं. अख्ख्या शहरात तसलं ध्यान दुसरं नव्हतं. हा हिरवा पत्रा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मिस्त्री सगळ्या जगावर संशय घ्यायचा, एक दाढी सोडून. त्याला कारण फ्यूज.

लिफ्टच्या तळाशी, सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. तिथलं काम निघालं की एकानं खड्ड्यात उतरायचं आणि दुसऱ्यानं गच्चीवरच्या मशीन रूममध्ये थांबायचं. खाली उतरलेल्याच्या टाळूवर तेव्हा हे एवढं लोखंड लोंबत असतं. म्हणून धंद्याचा नियम असा, की मेन स्विचचा फ्यूज ओढून काढायचा आणि जो उतरणार त्यानं तो स्वतःच्या खिशात घालायचा. वरच्याला कितीही दुर्बुद्धी झाली तरी मग मशीन हलत नाही. या दोघांनी मात्र उलटी रीत पाडली होती. नवेपणी एकदा दाढीच्या खिशातला फ्यूज खड्ड्यातल्या पाण्यात पडला आणि त्या चिनी मातीचे दोन तुकडे झाले. लोक दिवसभर जिने चढत होते आणि प्रत्येक मजल्यावर या दोघांचा उद्धार करत होते. तेव्हापासून ठरलं: फ्यूज वरच्यानं मुठीत धरून बसायचं, आणि खालून "आलो बाहेर" अशी हाक आल्याशिवाय मूठ उघडायची नाही. सुरुवात झाली ती सोय म्हणून, पण त्यावरच सगळी भागीदारी उभी राहिली. कागद असा काही नव्हताच त्यांच्यात. मिस्त्रीनं कपाटाची किल्ली बायकोलासुद्धा एवढ्या भरवशानं कधी दिली नसेल.

असा हा माणूस रात्रीच्या फोटोंच्या नादाला लागला कसा, तर एका अडलेल्या कामामुळं. एका उंच इमारतीत ब्रेक जाम झाला होता. दाढी सुटं सामान आणायला गेला, दिवस मावळला, आणि मिस्त्री मशीन रूमच्या उकाड्यातून गच्चीवर आला. दिवसाउजेडी त्यानं हे शहर शेकडो गच्च्यांवरून बघितलं होतं. टाक्या, पाइप, वाळत घातलेले कपडे. त्यात बघण्यासारखं काय असतं? पण आता सगळे दिवे लागलेले. समोरच्या इमारतीच्या अंगावर जिन्याची काचेची उभी पट्टी होती, आणि तिच्यातून एक उजळ खोकं सुळकन वर गेलं. ती लिफ्ट त्यानंच बसवलेली. पलीकडची ती बुटकी, तिचीही. लांबवरची ती तांबड्या दिव्याची, तिचे दोर तर आता कुठं बदललेले. आयुष्यभर हा माणूस या खोक्यांच्या आत वरखाली करत राहिला, बाहेरून सगळी एकदम बघितली ती त्या दिवशी. त्यानं मोबाईल काढला, हात लांब करून गर्रकन फिरवला. फोटोत काय आलं? काळ्या फडक्यावर सांडलेली हळद.

मिस्त्रीची पुतणी मोठमोठे बोर्ड छापणाऱ्या दुकानात कामाला होती. तिनं तो फोटो बघितला आणि खो खो हसली.

"काका, हे शहर आहे?"

"मग काय तुझं डोकं आहे?"

"असा येत नाही तो. तुकड्यातुकड्यांनी घ्यायचा. एक काढायचा, थोडं वळायचं, पुढचा काढायचा. मग मी कॉम्प्युटरवर शिवून देते सगळे."

"शिवण दिसणार नाही?"

"तुम्ही नीट काढलेत तर नाही दिसणार."

"आणि कॉम्प्युटर चुकला तर?"

"काका, तुम्ही आधी काढा तर खरं!"

तिनं दुकानातला जुना कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड दिला. आता हे दाढीला सांगायचं की नाही? मिस्त्रीनं ठरवलं, नाही. दाढीच्या कानावर सकाळी घातलं की दुपारपर्यंत शहरातल्या सगळ्या वॉचमनना कळलं म्हणून समजा. शिवाय गच्च्यांच्या किल्ल्या यांच्याकडे असायच्या त्या लिफ्टच्या कामासाठी, अंधारात वर जाऊन लोकांच्या खिडक्यांपुढं कॅमेरा फिरवण्यासाठी नव्हे. कोणी बोंब मारली असती तर काम हातचं गेलं असतं. म्हणून त्यानं एक थाप शोधून काढली: गुडघा दुखतो, संध्याकाळी शेक घ्यायला जावं लागतं. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या थापा पकडल्या, त्याला स्वतःची एक थाप नीट रचता येऊ नये, ही गंमतच. पण ते पुढं.

पुतणीचा पहिला हुकूम होता, कॅमेऱ्यातलं ऑटो सगळं बंद. हा हुकूम मिस्त्रीला फार आवडला. मशीन आपल्या मनानं काही ठरवायला लागलं की समजावं अपघात जवळ आलाय. तरीही पहिल्या खेपेला उजेडाचं ऑटो त्यानं बंद केलं आणि रंगाचं तसंच राहिलं. शिवून आलं तेव्हा आभाळ इथं निळं, तिथं नारिंगी, मधेच जांभळं.

"गोधडी झाली काका. अंगावर घ्या आता."

दुसऱ्या खेपेला रंग जमला, पण गच्चीचा कठडा मोडला. सरळ लोखंडी कठडा, आणि फोटोत दर हातभर अंतरावर त्याला पायरी. मिस्त्रीनं सरळ कॉम्प्युटरवर आळ घेतला. पुतणी म्हणाली, "एक डोळा मिटा. नाकासमोर बोट धरा. आता मान फिरवा. बोट मागच्या भिंतीवरून सरकतंय ना?"

"सरकतंय."

"कारण मान फिरते ती मागच्या मणक्यावर, आणि डोळा असतो पुढं. तुमचा कॅमेराही स्क्रूवर फिरतोय. भिंग फिरायला हवं, स्वतःच्या जागेवर."

एवढं कळल्यावर मिस्त्रीला पुढचं सांगावं लागलं नाही. त्यानं एक जाड पत्रा कापला, त्याला लांबट खाच पाडली आणि कॅमेरा मागं सरकवून बसवला. मग मशीन रूमच्या दारात ओळंबा सोडला, ज्यानं लिफ्टचे रूळ सरळ लावतात तोच. ओळंब्याची दोरी आणि लांबचा एक टॉवर एका रेषेत धरले. कॅमेरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. दोरी टॉवरला सोडून जाते तोवर कॅमेरा केसभर पुढं, केसभर मागं. ज्या क्षणी दोरी टॉवरला चिकटून राहिली, त्या क्षणी त्यानं स्क्रू आवळला आणि सवयीनं पुन्हा एकदा आवळून बघितला.

पुतणीनं आणखी दोन गोष्टी शिकवल्या. टॉर्चला लाल कागद लावा, म्हणजे डोळ्यांपुढं अंधारी येणार नाही. आणि शटर बराच वेळ उघडं राहतं, तेव्हा चालती माणसं फोटोत उमटणार नाहीत.

"कुठं जातात?"

"कुठं जात नाहीत. थांबत नाहीत म्हणून दिसत नाहीत. गाड्यांच्या नुसत्या रेघा येतात. जो थांबेल तोच उमटेल. आणि एक, हा सगळा एक फोटो दिसला तरी तो एका वेळचा नसतो. हे बघा."

तिनं आधीच्या चित्रातली बस दाखवली. पुढचं तोंड होतं, मागचं धड गायब. मिस्त्री हसला. बसचं ते बसपुरतं त्याला कळलं. पुढं त्याच गोष्टीनं त्याला तोंडावर पाडलं.

मग एका संध्याकाळी, दिवे लागल्या लागल्या, तो शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीवर गेला. तिथली लिफ्ट यांच्याकडेच होती. गच्चीच्या एका अंगाला पाण्याची टाकी आडवी, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. डावीकडून सुरुवात करून तो उजवीकडे सरकत गेला. पुतणीनं सांगितलेलं, प्रत्येक जागी एक फोटो काढा. यानं प्रत्येक जागी दोन काढले, कारण एकावर विश्वास कोण ठेवणार? मग पाणसळीचा बुडबुडा तपासला, स्क्रू तपासला. जे काम चहा उकळेपर्यंत व्हायचं, त्याला जेवणावळ उठेपर्यंत वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुकानात चित्र शिवून तयार होतं. पुतणीनं नुसता स्क्रीन त्याच्याकडे वळवला. अखंड शहर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठं जोड नाही, कुठं पायरी नाही. मिस्त्री खुर्ची ओढून बसला आणि इमारती ओळखत सुटला. "ही माझी. हीपण. ही दुसऱ्याची, हिची लिफ्ट धक्का मारते. ही माझी."

पुतणी चित्र मोठं करत डाव्या टोकाकडे गेली. खाली मोठ्या रस्त्यावर काचेचं ऑफिस झगमगत होतं. ती लिफ्टची मोठी कंपनी. शहरातले सुटे मिस्त्री एकेक करून पगारावर ओढून घेत होती. या दोघांकडेही निरोप आले होते, आणि दोघांनी मिळून ते उडवून लावले होते. त्या ऑफिसच्या फाटकाशी, पाटीच्या लख्ख उजेडात, एक पिवळा टेम्पो उभा होता. टपावर शिडी. मागं हिरवा पत्रा.

मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली म्हणणं कमीच, पालींचा बाजार भरला. आदल्या संध्याकाळी दाढी काय म्हणाला होता? "सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय." डोळ्यांचा डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला!

घरी गेला तर बायको वाट अडवून उभी.

"शेक घेऊन आलात?"

"हो."

"कुठला गुडघा?"

"उजवा."

"मलमाचा वास कसा नाही? आणि जिने एकेक पायरी गाळून चढलात, मी वरून बघत होते." तिनं इतकी वर्षं उलटतपासाबरोबर संसार केलेला, चार गोष्टी तीही शिकली होती. मिस्त्रीनं हात टेकले आणि फोटोंचं, टेम्पोचं, सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? मग दाढीभावजींनाच विचारा की सरळ."

"विचारलं की सावध होईल."

"भागीदार आहे हो तो तुमचा. चोर नव्हे."

"चोर असता तर बरं झालं असतं. चोराला निदान ओळखता येतं."

दुसऱ्या दिवशी काम होतं खड्ड्यातलं, आणि उतरायची पाळी मिस्त्रीची. वर मशीन रूममध्ये त्यानं फ्यूज ओढला. दाढीनं नेहमीसारखा तळवा पुढं केला, दुसऱ्या हातानं पट्ट्यावरची धूळ पुसत, बघितलंसुद्धा नाही. मिस्त्रीनं फ्यूज स्वतःच्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.

दाढीचा तळवा तसाच राहिला.

"खड्ड्यात पाणी नाही ना," मिस्त्री पुटपुटला. "पडायची भीती नाही."

"नाही," दाढी म्हणाला. "कोरडा आहे." आणि त्यानं रिकामी मूठ हळूच मिटली.

वरती दाढी एकटा असला की गायचा. गळा नव्हता, ताल नव्हता, पण लिफ्टच्या विहिरीतून तो आवाज खाली घुमत यायचा आणि खड्ड्यातल्या माणसाला कळायचं, वरचा जागेवर आहे. त्या दिवशी गाणं आलं नाही. मिस्त्री वाकून ग्रीस लावत होता आणि त्याचे कान वर लागले होते. फ्यूज खिशात मांडीला टोचत होता. नियमाप्रमाणे त्याच्याइतका सुरक्षित माणूस तेव्हा शहरात नसेल, आणि त्याला खड्ड्याची भीती वाटली ती त्याच दिवशी.

पुढच्या कामाला पाळी दाढीची. त्यानंही हात पुढं केला, पण बोटांनी मागत. "आण. नियमच आहे."

मिस्त्रीनं दिला. काय करणार? मग दाढी त्याच्याकडे न बघता म्हणाला, "गुडघा कसाय?"

"आहे तसाच."

"शेकानं उतार नाही?"

"वेळ लागेल म्हणतो शेकवाला."

"लागणारच," दाढी म्हणाला आणि खाली उतरला. त्याच्या त्या 'लागणारच'वर मिस्त्री आठवडाभर झोपला नाही. याला काय म्हणायचंय? याला काय माहिती आहे? असं चाललं की भागीदारी मोडणार हे त्यालाही दिसत होतं. दोरसुद्धा तुटतो तो एकदम नाही, आतला एकेक धागा आधी जातो. पण विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि "हो, चाललोय" असं उत्तर आलं तर? या वयात दुसऱ्या कोणाच्या मुठीत फ्यूज देणार?

शेवटी त्यानं ठरवलं की पुरावा पुढ्यात टाकायचा. दुकानात जाऊन पुतणीला म्हणाला, "तो टेम्पोचा तुकडा मोठा करून छाप."

पुतणी चित्र सरकवत होती. सरकवता सरकवता उजव्या टोकाला गेली, आणि मिस्त्री ओरडला, "थांब!"

उजव्या टोकाला, ज्या इमारतीवर तो उभा होता तिच्याच फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या दिव्याखाली, पिवळा टेम्पो. शिडी. हिरवा पत्रा.

"दुसरा घेतला," मिस्त्री म्हणाला. त्याचा चेहरा पडला.

"काय घेतला?"

"टेम्पो. कंपनीनं दिला असणार. एक तिकडे उभा, एक इकडे. कोणाला कळू नये म्हणून रंगसुद्धा तोच दिला, बघ. पत्रासुद्धा हिरवा ठोकला! केवढा खोल माणूस हा."

पुतणीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसली.

"काका, कंपनी मोडक्या दाराचा टेम्पो देईल? अहो, तुम्ही तिकडून इकडे येईपर्यंत किती वेळ घालवलात! डावीकडचा तुकडा आधीचा, उजवीकडचा शेवटचा. मधल्या वेळात तोच टेम्पो तिकडून निघून इकडे आला. बस दाखवली होती ना तुम्हाला?"

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. ज्यानं स्वतः दोनदोन फोटो काढून तो वेळ लावला, त्यालाच तो आठवू नये! पण हायसं वाटलं असेल म्हणाल तर तेही नाही. टेम्पो एकच. आधी कंपनीच्या फाटकाशी आणि मग थेट त्याच्या पायाखाली. का?

"मोठा कर अजून."

टेम्पोला टेकून एक माणूस उभा होता. बाकी सगळ्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, कारण चालणारे सगळे पुसले गेलेले. हा एकटा उमटला होता, उंचापुरा, हात छातीशी बांधलेले. चेहऱ्याच्या जागी नुसता एक फिकट ठिपका, पण तो वर वळलेला. गच्चीकडे. कॅमेऱ्याकडे.

"हा हललाच नाही," पुतणी आता हसत नव्हती. "शटर उघडं होतं तेवढा वेळ एकटक वर बघत होता."

"एक टेम्पो पुसून टाकू का?" तिनं जरा वेळानं विचारलं. "दोनदोन दिसणं ही चूकच धरतात तशी."

"हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी ते त्याच उंच इमारतीत कामाला आले. मशीन रूममध्ये शिरल्याबरोबर मिस्त्रीनं दार लोटलं, काखेतली अख्ख्या चित्राची गुंडाळी जमिनीवर सोडली आणि तिच्या कोपऱ्यांवर पाने, हातोडी, ग्रीसचा डबा, हाताला लागेल ते ठेवलं.

"हे काय?" दाढी म्हणाला.

"शहर."

"ते दिसतंय. काढलं कोणी?"

"ते नंतर. हा टेम्पो कोणाचा?"

दाढी उकिडवा बसला. "माझा. हिरव्या दाराचा दुसरा कोणाचा असणार?"

"कुठं उभा आहे?"

दाढीनं वाकून बघितलं. मिस्त्रीनं बोट सरकवत सरकवत पार दुसऱ्या टोकाला नेलं. "आणि हा?"

"हाही माझाच. अरे, पण एकदम दोन ठिकाणी कसा—"

"ते मी सांगतो. तू आधी सांग, सासूबाईंचे डोळे कंपनीच्या फाटकावर तपासतात का?"

दाढीनं मान वर केली. रागावला म्हणावं तर तसंही नव्हतं, पण नजर काही बरी नव्हती. "तू आधी सांग. गुडघा कुठला दुखतो?"

"डावा."

"बायकोला उजवा सांगितलास. वहिनीच म्हणाल्या मला."

मिस्त्रीनं नकळत दोन्ही गुडघे चोळले.

"सासूबाईंना डॉक्टरकडून घरी सोडलं," दाढी म्हणाला. "म्हटलं, जाता जाता तुला घ्यावं, दुखऱ्या पायानं चालत कशाला जाशील. तर तो शेकवाला म्हणाला, असला कोणी माणूस माझ्याकडे येतच नाही. मग मी काय समजू? तडक कंपनीच्या फाटकावर गेलो. तिथला वॉचमन ओळखीचा. म्हटलं, आमचा उलटतपास इथं चोरून येतो का रे?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आला असता तर आत जायच्या आधी माझीच झडती घेतली असती त्यानं. नाही आला." दाढी जरासं हसला आणि हसू गिळून टाकलं. "तिथून निघालो, तर या गच्चीवर लाल उजेड हलताना दिसला. मशीन रूमच्या अंगाला. म्हटलं, सापडला. हा मला सोडून कामं घेतोय. आपल्याच इमारतीत."

"मग वर का नाही आलास?"

दाढीनं ग्रीसचा डबा उचलला, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "वर आलो असतो आणि तू खरंच काम करत असलास तर?"

मिस्त्रीनं चित्राच्या कोपऱ्यावरचा पाना उगाच सरळ केला.

"खालीच उभा राहिलो. मान अवघडून गेली. दोन दिवसांनी तू फ्यूज खिशात घातलास. म्हटलं, झालं, हा चालला."

"मी फोटो काढत होतो. पुतणीनं शिकवलं. बायकोलाही सांगितलंय."

"ते आता दिसतंय. बायकोला माहिती, पुतणीला माहिती. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू गावभर केलं असतंस."

"केलं असतं," दाढी म्हणाला. त्यात त्याला वावगं काही वाटलं नाही. मग पुन्हा चित्रावर वाकला. बराच वेळ बघत राहिला. "जोड कुठंय याला?"

"नाही."

"असणारच." त्यानं बोट फिरवून बघितलं. "नाही रे. ए, पण तो फाटकावरचा पुसून टाक. कोणी बघितलं तर म्हणेल दाढी कंपनीत जातो."

"बघू."

"बघू काय?"

"बघू म्हणजे बघू."

माफी कोणी मागितली नाही. काम पडलं होतं. पाळी दाढीची होती. मिस्त्रीनं फ्यूज ओढला. दाढीनं फ्यूजकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं, हत्यारांची पिशवी खांद्याला मारली आणि फ्यूज न घेताच जिना उतरून गेला.

मिस्त्रीनं मूठ आवळली. आता हा भरवसा म्हणायचा की टोमणा? खालून हातोडीचे ठोके येऊ लागले. मग थांबले. मग काहीच नाही. "आलो बाहेर" अशी हाक यायला हवी होती, ती येईना. मिस्त्री दोराच्या भोकापाशी वाकला.

"दाढी!"

विहिरीतून त्याचाच आवाज परत आला.

"ए दाढी! बाहेर आलास का?"

उत्तर नाही. खाली जाऊन बघावं तर फ्यूज घेऊन जागा सोडायची नाही ही रीत. तो तसाच वाकून बसला, मूठ छातीशी धरून. आणि पाठीमागून आवाज आला, "आलो बाहेर."

दाढी दारात उभा होता, जिना चढून धापा टाकत.

"हाक का नाही मारलीस, गाढवा?"

"बघत होतो, मूठ उघडतोस का."

मिस्त्रीनं मूठ उघडून त्याच्यासमोर धरली. फ्यूजच्या कडा तळव्यावर लालभडक उमटल्या होत्या. दाढीनं त्या नीट बघितल्या, दिव्याकडे हात वळवून, अगदी मिस्त्रीच बघेल तशा.

"बरं," तो म्हणाला. "खालचा एक नट माझ्यानं आवळत नाही. तू जा."

मिस्त्रीनं फ्यूज त्याच्या हातावर ठेवला. ठेवताना बोटं जरा रेंगाळली, ते दोघांनाही कळलं. मग तो खाली गेला, खड्ड्यात उतरला, पाना नटाला लावला आणि थांबला. वरून गाणं येत नव्हतं. ते यायला अजून बरीच कामं जायची होती. त्यानं मान वर करून अंधारात बघितलं.

"दाढी! फ्यूज कुठंय?"

"खिशात!"

"कोणाच्या?"

"तुझ्या नाही!"

मिस्त्रीनं क्षणभर विचार केला, आणि नट आवळायला घेतला.